उलट्या डोंगराचा नकाशा

1540 साली गार्सिया लोपेझ दे कार्देनास नावाचा एक स्पॅनिश सरदार स्थानिक होपी जमातीच्या वाटाड्यांच्या मागून चालत, आज ज्याला आपण अ‍ॅरिझोना म्हणतो त्या मुलखातल्या एका कड्याच्या टोकाशी येऊन थांबला. पुढे जमीनच नव्हती. खूप खाली पाण्याची एक रेघ दिसत होती. स्पॅनिशांना ती नदी जेमतेम पुरुषभर रुंद वाटली. होपी म्हणाले, नदी फार मोठी आहे. खात्री करून घ्यायला तीन चपळ गडी कडा उतरू लागले आणि दुपार कलल्यावर थकून परत आले. नदीपर्यंतचं एक तृतीयांश अंतरच त्यांना उतरता आलं होतं. पण त्यांनी वर आणलेली बातमी विलक्षण होती. काठावरून जे सुळके माणसाच्या उंचीचे वाटत होते, ते जवळ गेल्यावर सेव्हिलच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्याहून उंच निघाले होते.

ग्रँड कॅनियन पाहणारी ही पहिली युरोपीय माणसं. त्यांचे डोळे चांगले होते, हवा स्वच्छ होती, समोरचं दृश्य लख्ख दिसत होतं. तरीही त्यांना काय दिसतंय ते कळत नव्हतं. त्यानंतर सव्वातीनशे वर्षांनी इथे मोजणीची साधनं घेऊन आलेल्या माणसांपुढेही हाच पेच होता. वाळवंटातली हवा इतकी कोरडी असते की 15 किलोमीटरवरचा कडाही हाताच्या अंतरावर असल्यासारखा दिसतो. नजरेला आधार द्यायला मध्ये घर नाही, चरणारी गुरं नाहीत, ओळखीच्या उंचीचं झाड नाही. खडकाच्या भिंतीमागे खडकाची भिंत, एवढंच. अशा जागी डोळ्यांवर विसंबलं की माणूस दसपटीने चुकतो.

आकडे आज आपल्याला ठाऊक आहेत. कोलोरॅडो नदीच्या प्रवाहाने मोजली तर ही घळ 446 किलोमीटर लांब आहे. रुंदी काही ठिकाणी 29 किलोमीटरपर्यंत जाते आणि खोली दीड किलोमीटरहून अधिक भरते. दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे 2,100 मीटरवर आहे, उत्तर काठ त्याहून तीनेकशे मीटर उंच. उत्तर काठावर हिवाळ्यात दाट बर्फ पडतं आणि तळाशी उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. दोन्ही काठांवरची पर्यटकांची ठिकाणं एकमेकांपासून सरळ रेषेत 16 किलोमीटरवर आहेत. मोटारीने जायचं तर सुमारे 340 किलोमीटरचा वळसा पडतो.

खरं तर हा वाळवंटातला डोंगरच आहे, फक्त उलटा. नेहमीच्या डोंगरात मोजणीदार पायथ्यापासून चढतो, शिखरावर यंत्र लावतो आणि खालचा मुलूख टिपतो. इथे तो सपाट पठारावरून चालत येतो आणि त्याला मोजायची असलेली शिखरं त्याच्या पायांखाली असतात. उतरायचं ताज्या दमाने आणि चढायचं थकल्यावर. पाणी सगळं तळाशी, मुक्काम वर. ही उलटापालट मोजणीदाराला छळते. पण तिचा एक मोठा फायदाही होता, तो ओळखणारा माणूस यायला 1902 साल उजाडावं लागलं.

त्याआधी बरंच काही घडलं. 1858 मध्ये लेफ्टनंट जोसेफ आइव्ह्जच्या लष्करी मोहिमेबरोबर फ्रेडरिक फॉन एग्लॉफस्टाइन हा जर्मन नकाशाकार आला. हवासुपाई लोकांच्या वस्तीकडे उतरणाऱ्या वाटेवर एका कड्याला जुनाट लाकडी शिडी होती. एग्लॉफस्टाइन तिच्यावरून उतरू लागला आणि ती त्याच्या वजनाने मोडली. वरच्या सैनिकांनी बंदुकांचे पट्टे एकमेकांना बांधून त्याला पुन्हा वर ओढून घेतलं. या माणसाने काढलेला नकाशा आजही पाहण्यासारखा आहे. एका बाजूने उजेड पडलेल्या प्लास्टरच्या प्रतिकृतीसारखा तो दिसतो. उताराच्या उजळ आणि काळ्या बाजूंनी जमिनीला उठाव येतो. त्यातला बराच भाग अंदाजाने भरलेला होता, कारण घळीचा फार थोडा तुकडा त्याच्या नजरेला पडला होता. पण जमिनीचा उंचसखलपणा छायाप्रकाशाने दाखवायची ती कल्पना काळाच्या फार पुढे होती.

मग 1869 मध्ये जॉन वेस्ली पॉवेल आला. यादवी युद्धात उजवा हात कोपराखाली गमावलेला हा भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक चार होड्या आणि नऊ सोबती घेऊन थेट नदीतूनच निघाला. घळीत शिरण्याच्या बऱ्याच आधी, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, त्याची एक होडी खडकांवर आपटून फुटली. धान्य गेलं, कपडे गेले. पॉवेलचा जीव मात्र वायुभारमापकांत अडकला होता, आणि मोडक्या सांगाड्यातून ते सहीसलामत मिळाले तेव्हा त्याला झालेला आनंद त्याने नोंदवून ठेवला आहे. यात नवल नाही. नदीच्या पात्राची आणि काठाची उंची काढायला त्याच्याकडे दुसरं साधन नव्हतं. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो आणि नळीतला पारा उतरतो. साधारण तीनशे मीटरला अडीच सेंटिमीटर. काचेच्या त्या नाजूक नळ्या फुटल्या असत्या तर तो सगळा प्रवास नुसतं साहस ठरला असता. घळीतून बाहेर पडेपर्यंत पॉवेलसह सहा जण उरले होते. शेवटच्या टप्प्यात तिघे नदीला कंटाळून कडा चढून गेले, ते परत कधीच दिसले नाहीत.

1871 मध्ये पॉवेल पुन्हा उतरला. या वेळी नकाशाचं काम त्याने आपला मेहुणा आल्मन हॅरिस टॉम्प्सन याच्यावर सोपवलं. टॉम्प्सनचं नाव पॉवेलच्या सावलीत झाकलं गेलं, याचं मला वाईट वाटतं. नदीतल्या रोमहर्षक कथा पॉवेलच्या वाट्याला आल्या आणि उन्हातान्हातली मोजणी टॉम्प्सनच्या. 1872 मध्ये घळीच्या ईशान्येला युटाच्या वाळवंटात फिरताना त्याच्या तुकडीने एस्कलांटी नदी आणि हेन्री पर्वत नकाशावर आणले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर नकाशात जागा मिळालेली ती शेवटची नदी आणि शेवटची डोंगररांग.

त्याआधीच्या हिवाळ्यात टॉम्प्सनने केनॅब या खेड्याजवळच्या सपाटीवर नऊ मैलांची, म्हणजे सुमारे साडेचौदा किलोमीटरची, आधाररेषा मोजली. कडाक्याच्या थंडीत लाकडी दांडे टोकाला टोक लावत. त्रिकोणमितीचा सगळा डोलारा अशा एका रेषेवर उभा राहतो. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्यांतली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. आणि माणूस जिथे पाऊलही ठेवू शकत नाही तिथली अंतरं कागदावर उतरत जातात. आपल्याकडे लॅम्ब्टन आणि एव्हरेस्ट यांनी कन्याकुमारीकडून हिमालयाकडे त्रिकोणांची साखळी नेली ती याच पद्धतीने. केनॅबमध्ये तंबूत बसून फ्रेडरिक डेलनबॉ या तरुणाने पहिला नकाशा आखला. मोहिमेत दाखल झाला तेव्हा तो 17 वर्षांचा होता.

पॉवेलचा सहकारी क्लॅरेन्स डटन याच्या 1882 च्या ग्रंथाबरोबर एक मोठा नकाशासंग्रह निघाला. त्यात विल्यम हेन्री होम्सने पॉइंट सब्लाइम या टोकावरून काढलेली दृश्यं आहेत. होम्सच्या पेन्सिलीतून एकही थर सुटत नसे. त्याची चित्रं पाहताना कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यात हरवणारे खडकांचे पट्टे एकेक करून ओळखता येतात. एवढं सगळं होऊनही प्रश्न उरलाच होता. चित्र सुंदर होतं, पण अमुक सुळका नेमका किती उंच, त्याच्यापासून पुढची दरी किती लांब, हे त्यावरून मोजता येत नव्हतं.

1901 मध्ये रेल्वे दक्षिण काठापर्यंत पोचली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने फ्रान्स्वा मॅथेसला इथे धाडलं. मॅथेसचा जन्म 1874 चा, ॲमस्टरडॅमचा. समुद्राशी समतल असलेल्या देशात जन्मलेल्या माणसाने जगातल्या सर्वांत अवघड उंचसखल जागेचा नकाशा काढावा, हा योगायोग मला फार लोभस वाटतो. पुढे हाच मॅथेस हिमनद्यांचा मोठा अभ्यासक झाला; ‘लहान हिमयुग’ ही आज हवामानशास्त्रात रुळलेली संज्ञा त्याची.

त्याचं मुख्य साधन होतं प्लेन टेबल. तिपाईवर बसवलेली चौरंगाएवढी फळी, तिच्यावर ताणून लावलेला कागद आणि कागदावर सरकणारी, दुर्बीण बसवलेली धातूची पट्टी. फळी पाण्यासारखी समतल करायची, काठावरच्या ज्या ठिकाणी उभे आहोत त्याचा बिंदू कागदावर मांडायचा, दुर्बिणीतून दूरचा सुळका धरायचा आणि पट्टीच्या कडेने त्याच्या दिशेने रेघ ओढायची. मग काठाने काही किलोमीटर चालत जाऊन दुसऱ्या ठिकाणाहून त्याच सुळक्याकडे दुसरी रेघ. दोन रेघा जिथे छेदतात तिथे तो सुळका. तिसऱ्या ठिकाणाहून ओढलेली रेघ त्याच छेदावर आली तर मोजणी बरोबर, नाही तर पुन्हा पहिल्यापासून. सुळक्याला हात न लावता, त्याच्या पायथ्याला न जाता, त्याची जागा कागदावर पक्की झालेली असते.

उलट्या डोंगराचा फायदा इथे कामाला आला. साध्या डोंगराळ मुलखात पुढची रांग मागच्या रांगेला झाकते आणि मोजणीदाराला दरीदरीत शिरावं लागतं. इथे दोन्ही काठांवरून घळीचं पोट उघडं दिसतं. एका काठावरून जी बाजू लपते ती समोरच्या काठावरून सापडते. मॅथेसने आपल्या मोजणीचा मोठा भाग असा वरून, नजरेच्या रेषांनी, केला.

उंचीसाठी दुर्बिणीचा खाली झुकलेला कोन वाचायचा आणि अंतरावरून हिशेब मांडायचा. या हिशेबात एक गोष्ट आहे जी वाचून मी थबकलो होतो. 16 किलोमीटरवरच्या कड्यावर दुर्बीण रोखली तर तेवढ्या अंतरात पृथ्वीचा गोलवा जमिनीला सुमारे 20 मीटर खाली नेतो. हवेतून येताना प्रकाश थोडा वाकतो, त्याने यातले जवळपास तीन मीटर भरून निघतात. उरतात सतरा मीटर. मॅथेसच्या नकाशात दोन समोच्च, म्हणजे सारखी उंची दाखवणाऱ्या, रेषांमधला उंचीचा फरक होता 50 फूट, म्हणजे सुमारे 15 मीटर. पृथ्वी गोल आहे हे हिशेबात धरलं नसतं, तर समोरच्या काठावरची रेषा एका पायरीहून जास्त चुकली असती! घळीच्या या काठावरून त्या काठाकडे पाहताना माणूस पृथ्वीच्या वाकणावरून पाहत असतो, आणि एक फळी व एक दुर्बीण घेऊन बसलेल्या मोजणीदाराला ते वाकण रोजच्या कामात दुरुस्त करावं लागत होतं.

दक्षिणेचं काम झाल्यावर उत्तर काठावर जायचं होतं. लांबच्या वळशाऐवजी मॅथेसच्या तुकडीने विल्यम बास या रहिवाशाच्या वाटेने घळीत उतरायचं ठरवलं. सामान बासच्या होडीतून गेलं आणि जनावरांना कोलोरॅडोच्या पाण्यात पोहवत पलीकडे नेलं. हिवाळा तोंडावर आला तेव्हा परतीचा प्रश्न पडला. त्याच सुमाराला ब्राइट एंजेल ओढ्याच्या घळीतून दोन थकलेली माणसं एका गाढवासह वर येताना दिसली. गाढव येऊ शकतं तर आपली जनावरंही उतरू शकतील, असं म्हणत मॅथेसने तीच वाट धरली. नव्वदहून अधिक वेळा ओढा ओलांडत ते नदीपर्यंत पोचले. आज हजारो पर्यटक उत्तर काठावरून जी वाट उतरतात, तिच्या खालच्या भागाची सुरुवात या उतरणीपासून झाली.

आता त्या 50 फुटांकडे पुन्हा येऊ, कारण मॅथेसचं खरं मोठेपण तिथे आहे. समोच्च रेषा म्हणजे सारख्या उंचीचे बिंदू जोडणारी रेषा. घळीत पाणी भरत चाललंय अशी कल्पना करा. दर 50 फुटांना पाणी थांबलं की त्याच्या काठाची खूण करून ठेवायची. उतार सौम्य असेल तिथे दोन खुणा लांब पडतील, कडा असेल तिथे एकीवर एक येतील. या मुलखाच्या आधीच्या ढोबळ नकाशांत 250 फुटांनी एक रेषा असे. ग्रँड कॅनियनमध्ये रेडवॉल नावाचा चुनखडकाचा थर आहे, सुमारे 500 फूट उंचीचा सरळसोट कडा. मूळ खडक करडा. वरच्या थरांतून झिरपणाऱ्या लोहाने तो बाहेरून लाल झाला आहे. 250 फुटांच्या नकाशात हा कडा दोन रेषांत संपतो. मॅथेसच्या नकाशात त्याच्या अंगावर दहा रेषा एकमेकींना चिकटतात आणि कागदावर एक गडद पट्टा उमटतो. तो पट्टा घळीच्या प्रत्येक फाट्यात वळतो, प्रत्येक सुळक्याला वेढतो, किलोमीटरच्या किलोमीटर त्याच उंचीवर धावतो. त्याच्या खाली टोंटो नावाचं पसरट पठार आहे. तिथे रेषा एकदम मोकळ्या होतात. त्याच्याही खाली, आतल्या अरुंद घळीत, त्या पुन्हा गर्दी करतात.

नकाशाकाराने खडकांचं एकही नाव न लिहिता थर दिसू लागले. ज्याला भूगर्भशास्त्राचं अक्षर माहीत नाही अशा माणसालाही हा कागद पाहून कळतं की इथे आडवे थर एकावर एक रचलेले आहेत, काही कठीण, काही ठिसूळ. प्रमाण होतं 1:48,000, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर 480 मीटर. मोजलेल्या बिंदूंच्या मधल्या जागेतल्या रेषा मोजणीदाराने समोर पाहत हाताने काढायच्या असत. दोन बिंदूंच्या मध्ये कडा कुठे तुटतो, उतार कुठे सैल होतो, हे हेरायला गणिताबरोबर चित्रकाराची नजर लागते, आणि मॅथेसकडे ती होती. माझ्या मते विसाव्या शतकात हाताने काढलेल्या सर्वोत्तम नकाशांत याची गणना व्हायला हवी.

नकाशाच्या तीन पत्रकांची नावं होती ब्राइट एंजेल, शिनुमो आणि विष्णू. होय, विष्णू. डटनला घळीतले पायऱ्यापायऱ्यांचे सुळके पूर्वेकडच्या देवळांसारखे वाटले आणि त्याने त्यांना विष्णू मंदिर, शिव मंदिर अशी नावं दिली. मॅथेसने ती रीत पुढे चालवली. आज त्या नकाशावर ब्रह्मा, मनू, बुद्ध, राम आणि कृष्ण यांच्याही नावाचे सुळके आहेत. तळाशी असलेल्या, पावणेदोन अब्ज वर्षं जुन्या काळ्या खडकाला तर जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ विष्णू शिस्ट म्हणून ओळखतात. मराठी वाचकाला हे वाचून सुखद धक्का बसतो. पण या कौतुकाबरोबर एक गोष्ट बोचते. ज्या हवासुपाईंच्या पाऊलवाटेवर आजची प्रसिद्ध ब्राइट एंजेल वाट बांधली गेली, त्यांच्या शेतीच्या जागेला त्यांचं नाव मिळायला 2022 साल यावं लागलं. मोजणी जितकी काटेकोर होती तितकी नामकरणाची दृष्टी न्यायी नव्हती.

उरलेला पूर्व आणि पश्चिम भाग रिचर्ड इव्हान्सने 1920 ते 1923 दरम्यान पुरा केला. 1923 मध्येच क्लॉड बर्ड्सआयच्या तुकडीने धरणाच्या जागा शोधण्यासाठी होड्यांतून जात नदीच्या पात्राचा चढउतार मोजला. तिच्याबरोबर रेडिओ होता, आणि राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या निधनाची बातमी तिला घळीच्या तळाशी ऐकू आली.

मॅथेस आणि इव्हान्सचा नकाशा इतका टिकला की 1970 च्या सुमारास ब्रॅडफर्ड वॉशबर्न हा बॉस्टनचा गिर्यारोहक आणि नकाशाकार इथे आला तेव्हा नवा, तपशीलवार नकाशा मिळेना, म्हणून त्याने पत्नी बार्बरासह स्वतःच तो करायला घेतला. हेलिकॉप्टरने शेकडो वेळा सुळक्यांच्या माथ्यांवर उतरून, लेझरने अंतरं मोजून आणि विमानातून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे हे काम काही वर्षं चाललं. खडकांचा पोत स्विस नकाशाकारांनी काढला, छायाप्रकाश टिबोर तोथ या कलावंताने हाताने रंगवला. 1978 मध्ये नॅशनल जिऑग्राफिकने तो 1:24,000 या प्रमाणात प्रसिद्ध केला. एग्लॉफस्टाइनची छायाप्रकाशाची कल्पना आणि मॅथेसच्या समोच्च रेषा त्या कागदावर एकत्र आल्या.

मॅथेसची पत्रकं अमेरिकन सर्वेक्षण खात्याच्या ऐतिहासिक नकाशांच्या संग्रहात इंटरनेटवर मोफत पाहता येतात. विष्णू पत्रक उघडा, मोठं करा आणि विष्णू मंदिराच्या सुळक्यावरून बोट खाली न्या. रेषा कुठे गर्दी करतात आणि कुठे सुटतात ते पाहा. मग सह्याद्रीतल्या तुमच्या आवडत्या किल्ल्याचं सर्व्हे ऑफ इंडियाचं स्थलनिर्देशक पत्रक शेजारी ठेवा. त्याचं प्रमाण 1:50,000 आहे आणि समोच्च रेषा 20 मीटरच्या, मॅथेसच्या मापाच्या अगदी जवळच्या. दख्खनच्या लाव्हाचे थरही आडवेच आहेत, म्हणून तिथेही कडा, पायरी, कडा असे गडद आणि मोकळे पट्टे आलटूनपालटून दिसतील. ट्रेकला निघण्याआधी एक संध्याकाळ त्या रेषा वाचण्यासाठी जरूर काढा.